व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ असताना काय घ्यावे आणि कशाला हात लावू नये?

वाचकाचे पत्र

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. माझ्या पतींचा स्किल्ड वर्कर व्हिसा आहे. मी आणि आमचा मुलगा डिपेंडंट व्हिसावर २०२३ पासून इथे आहोत. मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला आहे आणि मला आता गरोदरपणाचा एकविसावा आठवडा सुरू आहे. गेले दीड वर्ष मी एका दुकानात अर्धवेळ नोकरी करते. आमच्या व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे ठराविक सरकारी लाभ घ्यायचे नाहीत, ही अट आहे. ओळखीच्या एक बाई म्हणतात की चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता सगळेच घेतात, तूही अर्ज कर. पतींचे मित्र म्हणतात की सरकारची एक पेनी जरी घेतली तरी पुढे पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळणार नाही, हॉस्पिटलच्या भेटींचीसुद्धा होम ऑफिसकडे (व्हिसा देणाऱ्या गृहखात्याकडे) नोंद जाते. त्या भीतीने मी मिडवाइफकडे पहिल्यांदा जाऊन आले ती पुन्हा गेले नाही. पतींच्या कंपनीत नोकरकपात चालू आहे. बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून येणार आहे. या सगळ्यात आम्ही नक्की कसे वागावे?

– एक वाचक, रेडिंग

उत्तर

ताई, बाकीचे उत्तर सावकाश वाचा, पण त्याआधी तुमच्या मिडवाइफला किंवा हॉस्पिटलच्या प्रसूतिपूर्व विभागाला फोन करा. बाळाच्या वाढीतले दोष तपासणारे स्कॅन साधारण अठराव्या ते एकविसाव्या आठवड्यात करतात आणि तुम्ही त्या मुदतीच्या काठावर आहात. मधल्या भेटी चुकल्या आहेत एवढे सांगा. त्यासाठी तुम्हाला कोणी रागावणार नाही आणि कोणी पैसेही मागणार नाही. डांग्या खोकल्याची लसही सोळाव्या आठवड्यानंतर देतात, ती घेतली नसेल तर त्याच फोनवर विचारून घ्या.

हे इतक्या निश्चितपणे सांगता येते, कारण एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत. शिवाय तुम्ही त्यासाठी आगाऊ पैसे मोजलेले आहेत. व्हिसाच्या अर्जासोबत तुम्ही जो इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरला, तो २०२३ मध्ये प्रौढ व्यक्तीसाठी वर्षाला ६२४ पौंड होता आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पौंड झाला आहे. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तुमच्या एकटीच्या नावावर १,८७२ पौंड जमा झाले असतील, आणि त्याखेरीज तुम्ही दोघेही पगारातून कर व नॅशनल इन्शुरन्स भरत आहात ते वेगळेच. सरचार्ज भरलेल्या व्यक्तीला तपासण्या, स्कॅन, प्रसूती आणि त्यानंतरची देखभाल यांसाठी हॉस्पिटल बिल लावत नाही. हॉस्पिटल तुमचा व्हिसा तपासू शकते. मात्र ती तपासणी उपचार विनामूल्य द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी असते. होम ऑफिसकडे कळवले जाते ते परदेशी रुग्णाचे थकलेले बिल, आणि तुमच्या बाबतीत असे बिलच तयार होत नाही. उलट गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर बारा महिने औषधे आणि एनएचएसच्या दंतवैद्याचे उपचारही तुम्हाला विनामूल्य मिळतात. त्यासाठी लागणारे मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिडवाइफच करून देते.

तुमच्या पत्रात दोन टोकांचे सल्ले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. ‘सगळेच घेतात’ या सल्ल्याने तुमच्या व्हिसाला धोका होईल. ‘काहीच घेऊ नका’ या सल्ल्याने तुमच्या आणि बाळाच्या आरोग्याला धोका होऊ लागलाच आहे. नियम या दोन्हींपेक्षा बराच स्पष्ट आहे. पब्लिक फंड्स म्हणजे सरकारकडून मिळणारी प्रत्येक गोष्ट नव्हे. ती ठराविक नावांची यादी आहे, जी इमिग्रेशन रूल्समध्ये दिलेली आहे, आणि १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम अॅक्टच्या ११५ व्या कलमानुसार तुमच्यासारख्या व्हिसाधारकांना त्यातील लाभ मिळत नाहीत. एखाद्या लाभाचे नाव त्या यादीत असेल तर रक्कम कितीही लहान असली तरी तो घ्यायचा नाही. नाव यादीत नसेल, तर अट मोडली जात नाही. मग फक्त त्या लाभाच्या स्वतःच्या पात्रतेच्या अटी पाहायच्या. तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरे या दोन पायऱ्यांनी निघतात.

यादीतली नावे साधारणपणे अशी आहेत : युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या किंवा बेकार लोकांसाठीचा भत्ता), चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, अपंगत्वासाठीचे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट आणि त्याच प्रकारचे इतर भत्ते, केअरर्स अलाउन्स, कमी उत्पन्नामुळे मिळणारी काउन्सिल टॅक्समधील सूट, आणि काउन्सिलचे घर किंवा बेघर झाल्यावर काउन्सिलकडून मिळणारी निवाऱ्याची मदत. बाळंतपणाच्या काळात कोणीतरी हमखास सुचवते तो शुअर स्टार्ट मॅटर्निटी ग्रँटचा ५०० पौंडांचा निधीही यातच येतो. स्कॉटलंडचे स्वतःचे काही भत्तेही यादीत घातलेले आहेत, पण तुम्ही इंग्लंडमध्ये असल्याने त्यात शिरत नाही. यादी वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी ती सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर स्वतः वाचावी.

आता चाइल्ड बेनिफिट. तुमच्या कुटुंबात तुम्ही दोघेही अटीच्या व्हिसावर आहात, त्यामुळे तुमच्यापैकी कोणीही हा अर्ज करू नये, आणि बाळ इथे जन्मले म्हणून यात फरक पडत नाही. या नियमात अर्ज करणाऱ्याचा व्हिसा पाहतात, मुलाचा नाही. त्या बाईंच्या ओळखीतले ‘सगळे’ जण कदाचित वेगळ्या परिस्थितीत असतील. ज्या जोडप्यात एक जण ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेला असतो, तिथे त्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने चाइल्ड बेनिफिट घेणे पूर्णपणे नियमाला धरून आहे. अशा घरांत युनिव्हर्सल क्रेडिटही त्या व्यक्तीला घेता येते, फक्त जोडीदाराची माहिती न लपवता द्यावी लागते, आणि अटीच्या व्हिसावरील जोडीदारापोटी वाढीव रक्कम घेता येत नाही. म्हणून शेजारच्या घरात एखादा लाभ येतो हे पाहून आपला निर्णय घेऊ नये, कारण त्या घरातल्या माणसांच्या व्हिसावर काय लिहिले आहे हे बहुधा आपल्याला माहीत नसते.

अर्ज मंजूर झाला म्हणजे आपण पात्र होतो, असेही समजू नका. चाइल्ड बेनिफिट एचएमआरसी हे करखाते देते, व्हिसा होम ऑफिस देते, आणि एका खात्याने चुकून पैसे दिले म्हणून दुसऱ्या खात्याची अट शिथिल होत नाही. असे पैसे परत करावे लागतात, पुढच्या व्हिसाच्या किंवा कायम वास्तव्याच्या अर्जावर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि जाणूनबुजून अट मोडणे हा १९७१ च्या इमिग्रेशन अॅक्टखाली गुन्हा आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी गैरसमजातून आधीच हा लाभ घेत असेल, तर तो थांबवण्यासाठी एचएमआरसीला स्वतःहून लेखी कळवावे, परतफेडीची व्यवस्था करावी, आणि पुढचा व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे. स्वतः सांगितलेली चूक आणि तपासात सापडलेली चूक यांच्याकडे फार वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुमच्या पगाराची, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलेच नाही. तुम्ही दीड वर्ष एकाच ठिकाणी नोकरी करत आहात. स्टॅट्युटरी मॅटर्निटी पे, म्हणजे मालकाने कायद्याने द्यायचा प्रसूतीच्या रजेतला पगार, पब्लिक फंड्सच्या यादीत नाही. तो नोकरीतून मिळणारा हक्क आहे, आणि डिपेंडंट व्हिसावरील कर्मचाऱ्यालाही तो इतर कर्मचाऱ्यांसारखाच मिळतो. त्याच्या दोन मुख्य अटी आहेत. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या आधीचा पंधरावा आठवडा येईपर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली असावी, आणि त्या सुमाराचा सरासरी पगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी नसावा. २०२५–२६ या वर्षासाठी ती मर्यादा आठवड्याला १२५ पौंड होती. पात्र ठरलात तर ३९ आठवडे पैसे मिळतात. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, आणि उरलेले ३३ आठवडे ठरलेली साप्ताहिक रक्कम किंवा पगाराच्या ९० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. ती ठरलेली रक्कम २०२५–२६ मध्ये १८७.१८ पौंड होती आणि दर एप्रिलमध्ये ती बदलते. मालक यातील बहुतांश रक्कम पुढे एचएमआरसीकडून वळती करून घेतो हे ऐकून घाबरू नका. तो मालकाचा आणि करखात्याचा हिशेब आहे, त्यामुळे तुमच्या व्हिसाची अट मोडली जात नाही.

इथे तारखा महत्त्वाच्या आहेत. प्रसूतीपूर्वीचा पंधरावा आठवडा म्हणजे गरोदरपणाचा साधारण पंचविसावा आठवडा, आणि तोपर्यंत तुम्ही मालकाला तीन गोष्टी कळवायला हव्यात : तुम्ही गरोदर आहात, प्रसूतीची अपेक्षित तारीख कोणती आणि रजा कधी सुरू करायची आहे. तुमच्याकडे जेमतेम चार आठवडे आहेत. शिवाय पुरावा म्हणून मॅट-बी-वन हे प्रमाणपत्र लागते, जे विसाव्या आठवड्यानंतर मिडवाइफ किंवा डॉक्टर देतात. म्हणजे मिडवाइफकडे न गेल्यामुळे तपासण्या तर राहिल्याच, पण हक्काचे हे पैसेही हातचे जाण्याची वेळ आली आहे. कळवताना ईमेलने किंवा पत्राने कळवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. कर्मचारी म्हणून प्रसूतिपूर्व तपासणीसाठी पगार न कापता वेळ मिळण्याचाही तुम्हाला हक्क आहे, तेव्हा यापुढच्या भेटी सुट्टीच्या दिवशीच बसवण्याची धडपड करू नका.

पगार त्या मर्यादेपेक्षा कमी भरल्यामुळे किंवा अन्य कारणाने मालकाने नकार दिला, तर त्याच्याकडून एसएमपी-वन हा फॉर्म मागून घ्या आणि मॅटर्निटी अलाउन्ससाठी अर्ज करा. हा भत्ता सरकार थेट देते, तरीही तो पब्लिक फंड्सच्या यादीत नाही. अपेक्षित तारखेपूर्वीच्या ६६ आठवड्यांत २६ आठवडे काम आणि त्यांपैकी १३ आठवड्यांत आठवड्याला किमान ३० पौंड कमाई, एवढी त्याची ढोबळ अट आहे. स्वतःचा लहानसा व्यवसाय करणाऱ्या अनेक डिपेंडंट स्त्रियांना हा भत्ता मिळू शकतो, पण सरकारकडून येतो एवढ्याच कारणाने त्या तो सोडून देतात. तुमच्या पतींनाही पात्रता असेल तर दोन आठवड्यांचा पितृत्व वेतनाचा हक्क आहे, आणि तोही यादीबाहेरचा आहे.

मुलाच्या नर्सरीबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण त्याचे वय पाहता सांगायला हवे. इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला १५ तास, वर्षातले ३८ आठवडे, म्हणजे एकूण ५७० तास विनामूल्य बालशिक्षण मिळते, आणि त्यासाठी आईवडिलांचा व्हिसा पाहिला जात नाही. तिसऱ्या वाढदिवसानंतरचे जे सत्र सुरू होते, त्या सत्रापासून हे तास मिळतात. त्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल आणि १ सप्टेंबर या तारखा धरल्या जातात. नोकरी करणाऱ्या पालकांसाठीचे ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर ही योजना मात्र तुमच्यासाठी नाही, कारण त्यासाठी दोघांपैकी किमान एकाला पब्लिक फंड्स घेण्याची मुभा असावी लागते. नर्सरीचे कर्मचारी पुष्कळदा हा फरक न सांगता सर्वांना ३० तासांचा कोड काढायला सांगतात. तिथे तुम्ही स्पष्टपणे सांगा की तुम्हाला फक्त सर्वांसाठी असलेले १५ तास हवे आहेत. पुढे मुलगा सरकारी शाळेत रिसेप्शन या सुरुवातीच्या वर्गात गेला की शिक्षण विनामूल्य, आणि दुसऱ्या इयत्तेपर्यंत दुपारचे जेवणही सर्व मुलांना विनामूल्य. त्यानंतरच्या वर्गांत कमी उत्पन्नाच्या घरांना जेवणाची सवलत मिळते, आणि २०२२ पासून ती अटीच्या व्हिसावरील कुटुंबांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत कायमस्वरूपी खुली केलेली आहे.

पतींची नोकरी गेली तर, या प्रश्नाकडे वळताना मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. यात पैशापेक्षा व्हिसाचा प्रश्न मोठा आहे. मालकाने नोकरी संपल्याचे कळवल्यावर होम ऑफिस सर्वसाधारणपणे व्हिसाची मुदत ६० दिवसांवर आणते आणि त्यात डिपेंडंटचाही व्हिसा येतो. त्या दिवसांत नवा प्रायोजक मालक शोधून अर्ज करावा लागतो. म्हणून कपातीची पहिली चाहूल लागताच शोध सुरू करणे शहाणपणाचे आहे. आर्थिक बाजूने, दोन वर्षे पूर्ण झालेली नोकरी असेल तर कायद्याने मिळणारी कपातीची भरपाई मिळते, आणि ती पब्लिक फंड्समध्ये येत नाही. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा भत्ताही यादीबाहेर आहे, कारण तो मागच्या दोन करवर्षांत भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या जोरावर, जास्तीत जास्त सहा महिने मिळतो. मात्र अर्ज करताना फार जपायला हवे, कारण बेकारीच्या मदतीची माहिती शोधणाऱ्याला बरेचदा युनिव्हर्सल क्रेडिटकडे वळवले जाते, आणि ते तुमच्यासाठी निषिद्ध आहे. ‘न्यू स्टाइल’ हे शब्द पाहूनच पुढे जा, आणि जॉबसेंटरमध्ये कोणी दोन्ही अर्ज एकत्र भरायला सांगितले तर व्हिसाची अट दाखवून नकार द्या.

अगदीच घरभाडे आणि अन्न यांची पंचाईत झाली, तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या १७ व्या कलमाखाली काउन्सिलचा समाजसेवा विभाग गरजू मुलासाठी कुटुंबाला मदत करू शकतो. ती मदत पब्लिक फंड्स नाही. फूड बँकाही स्वयंसेवी असल्याने यादीबाहेर आहेत. यांपैकी कुठेही जावे लागले तर त्याचा व्हिसावर डाग लागत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. व्हिसाची ही अटच उठवून मागण्याची एक सोय आहे, पण ती मुख्यतः कुटुंब आणि खासगी जीवन या मार्गांवरील लोकांसाठी आहे. स्किल्ड वर्कर आणि त्यांच्या डिपेंडंटना ती उपलब्ध नाही. या अटीचे परिणाम किती कमी लोकांना ठाऊक आहेत हे २७ मे २०२० रोजी दिसले. संसदेच्या समितीत खासदार स्टीफन टिम्स यांनी आपल्या मतदारसंघातील अशाच एका कुटुंबाचा प्रश्न मांडला, तेव्हा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाच त्या कुटुंबाला युनिव्हर्सल क्रेडिट का मिळत नाही असा प्रश्न पडला होता. तेव्हा तुमचा गोंधळ झाला यात नवल नाही.

बाळाच्या जन्मानंतरची कामेही आत्ताच लिहून ठेवा. तुमच्यापैकी कोणाकडेही कायम वास्तव्याचा परवाना नसल्याने बाळ इथे जन्मले तरी जन्मतः ब्रिटिश होणार नाही. १९८३ पासून हाच नियम आहे. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते. भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद भारतीय दूतावासाकडे एका वर्षाच्या आत करा, मग पासपोर्ट आणि त्यावरून बाळाचा डिपेंडंट व्हिसा. सरचार्ज भरलेल्या आईवडिलांच्या बाळाला पहिले तीन महिने एनएचएसचे उपचार विनामूल्य मिळतात, पण त्यानंतरची निश्चिंती व्हिसाच्या अर्जानेच येते, म्हणून या कामात दिरंगाई करू नका. अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी सरचार्ज सध्या वर्षाला ७७६ पौंड आहे, तो खर्च हिशेबात धरा. व्हिसा न काढता बाळाला घेऊन भारतात गेलात तर परत येताना बाळाच्या प्रवेशाचा प्रश्न उभा राहील. पुढे तुमच्यापैकी एकाला पीआर मिळाली की बाळाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते.

आईंच्या बाबतीत नियम सर्वांत कडक आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेली व्यक्ती सरचार्ज भरत नाही. जीपीचा (स्थानिक डॉक्टरचा) सल्ला आणि अपघात विभागातली तपासणी सर्वांना विनामूल्य असते, पण हॉस्पिटलमध्ये दाखल केले की बिल सुरू होते, आणि ते एनएचएसच्या खर्चाच्या दीडपट दराने लागते. तातडीचे उपचार पैशासाठी थांबवत नाहीत, पण बिल नंतर येतेच. ५०० पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम दोन महिने थकली तर त्याची माहिती होम ऑफिसकडे जाते आणि पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. तुमच्या पतींच्या मित्रांनी ऐकले असेल ते बहुधा हेच. फक्त ते पाहुण्यांना लागू आहे, तुम्हाला नाही. आईंना रक्तदाब, मधुमेह असे काही असेल तर ते सांगून, जुने आजारही समाविष्ट करणारा प्रवासी विमा भारतातूनच काढा, आणि नेहमीची औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी चिठ्ठीसह आणायला सांगा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण हे सदर वाचणाऱ्या एखाद्या बहिणीसाठी लिहितो. घरात मारहाण, धमक्या किंवा पैशाची कोंडी होत असेल आणि ‘तुझा व्हिसा माझ्यामुळे आहे, तुला कुठेच मदत मिळणार नाही’ असे सांगितले जात असेल, तर ते खरे नाही. पोलीस आणि एनएचएस यांच्याकडे जाण्यास व्हिसाची अट आड येत नाही. विवाह मोडल्यावर अशा स्त्रीला तीन महिने पब्लिक फंड्ससह राहण्याची परवानगी देणारी एक सवलत आहे, आणि २०२४ पासून ती काम किंवा शिक्षणाच्या व्हिसावरील व्यक्तींच्या जोडीदारांनाही मागता येते. ब्रिटिश किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला त्यानंतर स्वतंत्रपणे कायम वास्तव्य मागता येते, पण स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला तो पुढचा मार्ग नाही आणि या अर्जाने आधीचा व्हिसा संपतो. म्हणून अर्जापूर्वी सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही लंडनमधील जुनी संस्था नेमक्या अशा स्त्रियांसाठी काम करते. जिवाला धोका असेल तर आधी ९९९.

शेवटी पीआर. मे २०२५ मधील सरकारी श्वेतपत्रिकेत पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी कायम वास्तव्य देण्याचा प्रस्ताव आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पब्लिक फंड्स घेतलेल्यांना त्याहून अधिक थांबायला लावण्याची कल्पनाही मांडली गेली. यातले काय, कधी आणि कोणाला लागू होते हे तुमच्या अर्जाच्या वेळी तपासावे लागेल. यादीतल्या लाभांपासून दूर राहण्याचे कारण त्यामुळे अधिकच पक्के होते. मिडवाइफ, मॅटर्निटी पे आणि नर्सरीचे १५ तास यांपासून दूर राहण्याचे कारण त्यातून निघत नाही.

तुमच्या ईव्हिसाच्या (ऑनलाइन व्हिसाच्या) खात्यात जाऊन तिघांच्याही अटी शब्दशः वाचा आणि त्यांची प्रत काढून ठेवा. लाभांच्या पात्रतेबद्दल सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेकडे विनामूल्य विचारता येते. व्हिसाबद्दलचा सल्ला मात्र वकिलाने किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागारानेच देणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा कोणालाही फी देण्यापूर्वी त्यांचे नाव अथॉरिटीच्या किंवा वकिलांच्या नोंदवहीत आहे का ते पाहा.